पाट त्या दिवशी तिथे नव्हता

काल तुमचं तेरावं झालं. आलेला प्रत्येक माणूस आधी तुमच्या फोटोसमोर हात जोडायचा आणि मग मधल्या खोलीच्या दारात उभा राहून मशीन बघायचा. आत कोणी पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करायची, चुकचुकायचं आणि पंगतीत जाऊन बसायचं. माझ्या भावानं जाताना मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ताई, हे लोखंड भंगारात देऊन टाक, एक माणूस घेतला त्यानं. मी हो म्हटलं. तेरा दिवस मी सगळ्यांना हो म्हणते आहे. ही सवय खरं तर तुमची.

मशीनसमोर पाट ठेवलेला आहे. माझ्या आईनं लग्नात दिलेला, सागवानी, एका कडेला जळका डाग असलेला. येणाऱ्या सगळ्यांनी तो पाहिला. पाटावर उभं राहून इतक्या काळजीनं काम करायचे, तरी बघा, असं बायका आपसात बोलत होत्या. मी त्यांना पाणी देत होते. त्यांच्यापैकी एकीलाही मी सांगितलं नाही की त्या दिवशी पाट तिथे नव्हता.

आज ते सांगायचं आहे आणि मीनलला सांगायचं आहे. उद्या सकाळच्या गाडीनं ती पुण्याला जाते. तेरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा हवा का, औषध घेतलं का, कोणाचा फोन होता, एवढंच. मला ठाऊक आहे तिच्या मनात काय चाललं आहे. मशीन तिनं घेऊन दिलं होतं आणि तो मेला कूलरचा पंपही तिनंच सुचवला होता. पोरगी समजते की बापाला तिनं मारलं. हे ओझं घेऊन ती गाडीत बसली तर पुढच्या आयुष्यात ते खाली ठेवायची नाही. तुमची मुलगी आहे. म्हणून आज सांगायचं. पण तिच्या आधी तुम्हाला सांगते, म्हणजे तोंडाला सवय होईल. तुमच्या मापांच्या वहीतच लिहिते आहे. माझ्या शाळेच्या वह्या घरभर पडल्या आहेत, पण हात हिच्याकडेच गेला.

तुम्ही रेल्वेच्या वॅगन शॉपमधून रिटायर झालात तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता हा माणूस सकाळी फिरायला जाईल, दुपारी झोपेल, संध्याकाळी माझ्याबरोबर गोल बाजारात येईल. तुम्ही आठ दिवसांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं, नळांचे वॉशर बदलले आणि नवव्या दिवशी खिडकीत बसून स्वतःचे हात बघत राहिलात. त्या रविवारी मीनलचा फोन आला तेव्हा मीच तिला म्हणाले होते की तुझ्या बाबांना काहीतरी काम दे गं, नाहीतर हे माझा स्वयंपाक दुरुस्त करायला लागतील. तिनं ते मनावर घेतलं. पुण्यात कुठली तरी ट्रेनिंगची संस्था आपली जुनी मशीनं काढत होती, त्यातलं सगळ्यात लहान, धातू कापून आकार देणारं मिलिंग मशीन तिनं तुमच्यासाठी उचललं. लहान म्हणजे किती, ते ट्रक मोठ्या रस्त्यावर थांबला तेव्हा कळलं.

ब्राह्मणपाऱ्याच्या आपल्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावं लागतं. सहा हमाल, एक ठेला, बांबू आणि पुढे तुम्ही, उलटं चालत, दोन्ही हात वर करून. समोरच्या घरातले साहू भैया दुकान बंद करून आले. त्यांनी नारळ फोडला. मी मशीनला हळदकुंकू लावलं, हो, मीच लावलं. तुम्ही त्या दिवशी जेवलाच नाहीत, नुसते त्याच्याभोवती फिरत होतात. मी म्हटलं, "सून आणली काय घरात? इतकं काय पाहून राहिले?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "शोभे, हिची मान सरळ आहे का नाही, ते पाहावं लागते."

मग चार दिवस ती मान सरळ करणं चाललं. लेव्हलची बाटली टेबलावर ठेवायची, बुडबुडा बघायचा, पायाखाली पत्र्याचा तुकडा सारायचा, पुन्हा बुडबुडा. ते झालं की घड्याळासारखं एक माप लावून मशीनचं डोकं उभं आहे की कललं आहे ते बघायचं. केसाच्या दहाव्या भागाएवढाही फरक चालत नाही म्हणालात. मीनलच्या स्थळांची याच्या निम्मी चौकशी केली असती तर तिचं एव्हाना लग्न झालं असतं, असं मी म्हटलं, आणि तुम्ही हसलात. हे चार दिवस मला फार आठवतात. तुम्हाला इतकं सुखी मी मीनल झाली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

पुढे एकेक सामान येत गेलं. तुकडा घट्ट धरून ठेवणारा वाइस तुम्ही भंगारातून शोधून आणलात आणि दोन दिवस घासलात. दिवा जुन्या टेबललॅम्पची मान कापून बसवलात. कटर गुंडाळून ठेवायला मऊ कापड पाहिजे म्हणून मी पंडरीच्या कापडबाजारातून ब्लाउजसाठी आणलेले कटपीस गेले, त्यातला एक रेशमी होता. त्यावरून मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याची तुटलेली काडी जागेवर आली, पितळेच्या इवल्या बिजागरीसकट, आणि मला बोलावं लागलं. तुमचं असंच होतं. माफी मागायची तर तोंडानं नाही, हातानं. घरात जिकडे बघावं तिकडे तुमच्या माफ्या आहेत. कपाटाची कडी, मिक्सरचा खालचा चक्का, देवघरातल्या समईचा पाय. माझं डोकं दुखतं म्हणून मधल्या दाराला आवाज न करता बंद होणारा खटका केलात. तेरा दिवस ते दार बिनआवाजाचं बंद होतं आणि दर वेळी मी मान वळवून तिकडे बघते.

चपलांचा वाद तेव्हाच झाला. शॉपमध्ये तुम्ही बुटांशिवाय उभे राहत नव्हतात, घरीही रबरी चप्पल घालून मशीनवर काम करायचं म्हणत होतात. मधली खोली ओलांडल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नाही, आणि तिथूनच देवघर समोर दिसतं. मी साफ सांगितलं, चप्पल पुढच्या खोलीच्या आत येणार नाही. तुम्ही एकदा म्हणालात की फरशी थंड असते. मी म्हटलं, पाटावर उभे राहा. अशा रीतीनं पाट तिथे गेला. तेव्हा तो फक्त थंडीसाठी होता.

मग उन्हाळ्यात पंप आला. ॲल्युमिनियम कापताना गरम होतं आणि कटरला चिकटून बसतं, त्यावर ते दुधासारखं पांढरं पाणी सोडत राहावं लागतं. तुम्ही एका हातानं बाटलीतून सोडायचात. मीनल फोनवर म्हणाली, बाबा, कूलरचा पंप लावून द्या ना, बादलीत टाकला की झालं. तुम्हाला पोरीच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की तुम्ही ते साहू भैयांना दोनदा सांगितलंत. आपल्याकडे कूलर नाही असं घर नाही, आणि कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात हे माहीत नाही असं पोर नाही. चप्पल घालून पाणी भरायचं, हे आपण चालायला लागल्यापासून शिकतो. तोच पंप आपण बादलीत टाकला, बादलीतलं पाणी मशीनवर सोडलं आणि आपल्या दोघांपैकी कोणाच्याही मनात काही आलं नाही.

पहिल्यांदा तुम्हीच म्हणालात की हँडल चुणचुणतं. टेस्टर लावला तर आतला दिवा बारीकसा लागला. तुम्ही तो मला दाखवलात, जसं काही गंमत आहे. इलेक्ट्रिशियन आला, त्यानं भिंतीतला बोर्ड उघडला आणि सांगितलं की तिसऱ्या भोकात तारच नाही. घर बांधलं तेव्हाच अर्थिंग केलेलं नाही. अंगणात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरावी लागेल. अंगण म्हणजे काय, दहा पावलं, आणि त्यात जागा एकच, तुळशीच्या बुडाशी. मी नाही म्हटलं. तुळशीचं लग्न होऊ द्या, मग खणा काय खणायचं ते. तो माणूस तुमच्याकडे बघत राहिला. तुम्ही नेहमीसारखा होकार दिलात, "हव, कार्तिकात करू."

तुम्हाला कळत होतं. तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला हे कळत नसेल असं मी मानत नाही. मी तुम्हाला विचारलंही होतं की यात धोका तर नाही. "अगं, पाट आहे ना. पाटावर उभं राहिलं, तर करंट जाईन कुठून?" असं म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून पाटावरून पाय खाली टाकायच्या आधी पंप बंद करायला लागलात. ते मी पाहत होते. पाट आता थंडीसाठी राहिला नव्हता, हे मला त्यावरूनच समजलं होतं.

श्रावणात मी ओल्या फडक्यानं फरशी पुसत होते आणि माझं मनगट मशीनच्या पायाला लागलं. कोपरापर्यंत कोणीतरी आतून ओढल्यासारखं झालं. मी मागे पडले. तुम्ही पंपाचं बटण बंद केलंत आणि मला उठवलंत तेव्हा तुमचा चेहरा पांढरा झाला होता. मीच म्हटलं, खणा तो खड्डा, तुळस मी उचलून ठेवते. तुम्ही तसेच स्कूटर काढून गेलात आणि तासाभरानं परत आलात. सगळे इलेक्ट्रिशियन गणेशोत्सवाच्या मंडपांना लागले होते. आपलं गाव आता नव्या राज्याची राजधानी, चौकाचौकात मंडप, आणि आधीच्या वर्षाहून दुप्पट लाइटिंग. विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, असा त्यानं शब्द दिला होता. तो आला. तुमच्या अकराव्याच्या दिवशी पेटी घेऊन दारात उभा होता, त्याला काही माहीतच नव्हतं.

पूर्वी आपल्या पाऱ्यात, या सगळ्या मोहल्ल्यात, दिवसातून चार-चार तास लाइट जायची. राज्य वेगळं झाल्यापासून ती जात नाही, म्हणून तुम्ही किती खूष होतात. मशीन मधेच बंद पडत नाही, कट खराब होत नाही, असं सांगायचात. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पूर्वीसारखी लाइट गेली असती तर, एवढा एकच विचार मी पहिले दोन दिवस करत होते. बाकीचं सुचायला वेळ लागला.

चतुर्थीच्या सकाळी चौरंग माळ्यावरून काढला आणि त्याचा एक पाय निखळला. आतून भुसा झाला होता. तुम्ही मूर्ती आणायला गोल बाजारात गेला होतात. गणपती ठेवायचा कशावर? मी मधल्या खोलीत गेले आणि पाट उचलला. धुतला, कुंकवानं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या. माझ्या मनात काय होतं म्हणून विचाराल, तर काही नव्हतं. पाट देवाचा, तुमच्याकडे तात्पुरता दिलेला, असंच मला वाटत होतं. माझ्या माहेरी त्याच पाटावर गणपती बसत असे.

तुम्ही मूर्ती छातीशी धरून आत आलात. पाट पाहिलात. तुमची नजर एकदा मधल्या खोलीकडे गेली आणि परत आली. मी ते पाहिलं. मला वाटलं, आता काही म्हणतील. तुम्ही मूर्ती ठेवली, हात जोडले आणि आरतीचं तबक कुठे आहे म्हणून विचारलंत.

त्याच संध्याकाळी मी चौरंगाचा लकडा लावला. महालक्ष्म्या येणार, त्यांना काय जमिनीवर उभ्या करू? सुतार मिळणार नव्हता. तुम्ही चौरंग उलटा करून बघितलात आणि म्हणालात, चारही पायांना आतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवतो, पुन्हा कधी हलायचा नाही. वहीत चित्र काढलंत. ते याच्या मागच्या पानावर आहे. "चौरंग पाय, ४ नग," आणि खाली बारीक अक्षरात, "शोभाला महालक्ष्म्यांच्या आधी पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी पुन्हा विचारलं, कधी होणार? तुम्ही म्हणालात, "हव, आज करून टाकतो."

मशीनचा आवाज मला पाठ झाला होता, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. कापत असलं की जाडा, खरखरीत. रिकामं फिरत असलं की बारीक आणि एकसारखा. मी मोदक तळत होते. जाडा आवाज तीनदा आला आणि तीनदा थांबला, म्हणजे तीन पट्ट्या झाल्या. चौथ्यांदा सुरू झाला आणि मधेच बारीक झाला. मग बारीकच राहिला. मला वाटलं, माप घेत असतील. कढईत पाच मोदक होते. ते मी तळून काढले. पुढचे पाच सोडले. तेही काढले. आवाज तसाच, एका सुरात. मग मला जाणवलं की पंपाचं पाणी फरशीवर पडतं आहे, त्याचा आवाज येतो आहे, आणि तुम्ही तर एक थेंब सांडू देत नाही.

पुढचं तुम्हाला सांगून काय उपयोग. पांढरं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी तुमच्याकडे धावले नाही, हे मात्र सांगते. मी उंबऱ्यावरच थांबले, कारण माझं मनगट श्रावणातलं विसरलं नव्हतं. मी साहू भैयांना हाक मारली. त्यांनी काठीनं मेन पाडला. मशीन हळूहळू थांबलं, आणि ते थांबेपर्यंत मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी होते. तुमच्या पायाखाली नुसती फरशी होती, ओली.

दहा मोदक. मी मोजायचं नाही असं ठरवलं तरी तो आकडा डोक्यातून जात नाही. डॉक्टर म्हणाला की लगेच गेले असतील. तो सगळ्यांना तसंच सांगत असेल.

घरात असं झाल्यावर गणपती ठेवता येत नाही, आणि घरच्यांना तो हलवताही येत नाही. तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं तेवढ्यात साहू भैयांनी मूर्ती पाटासकट उचलली आणि तलावावर नेऊन शिरवली, पाण्यात सोडली. बिचारे एकटेच गेले, ना आरती ना गजर. येताना पाट घेऊन आले. आपल्याकडे रोज येणारा माणूस. त्यांनी तो पाट वर्षभर जिथे पाहिला होता, तिथेच नेऊन ठेवला. मशीनसमोर.

संध्याकाळी अंधारात, दारातूनच मी तो तिथे पाहिला. तोपर्यंत चार बायका येऊन बसल्या होत्या आणि त्यातली एक म्हणत होती की पाटावर उभे होते तरी झटका बसला, म्हणजे यंत्रच वाईट. मी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच झालं. त्या वेळी नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं, आणि तिसऱ्या दिवशी तर ते खरंच झालं होतं. सगळ्यांच्या तोंडी पाट तिथे होता. मीनल दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली, नागपूरपर्यंत विमानानं आणि पुढे टॅक्सीनं. माझ्या गळ्यात पडली आणि मग मधल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. तुमचा खटका, आवाज झाला नाही. अर्ध्या तासानं बाहेर आली ती तोंड मिटूनच. तेव्हापासून हे असं आहे. मशीन, पंप आणि पाट, तिन्ही समोर ठेवून तिनं हिशेब केला असणार की पाट असूनही बाबा गेले, म्हणजे चूक फक्त पंपाची.

चार वाजले. ती पुढच्या खोलीत बॅग भरते आहे. मी आता उठते. सुतक फिटलं, देवासमोर उभं राहायला आता मनाई नाही, पण खरं सांगायचं तर इच्छा नाही, म्हणून तुमच्याच फोटोकडे बघून जाते.

परत आले. दिवेलागण झाली आहे.

मी तिला सरळ सांगितलं. सांगायच्या आधी पाणी पिऊन घेईन, इकडचं तिकडचं बोलेन, असं ठरवलं होतं, पण दारातूनच बोलून गेले. "मीनल, त्या दिवशी पाट तिथं नव्हता. गणपतीले मीच नेला होता. तुझे बाबा फरशीवर उभे होते. तुझ्या पंपानं नाही झालं ते, माझ्यानं झालं."

ती साडीची घडी घालत होती. तुमच्या आईची ती हिरवी, मी तिला दिलेली. तिनं घडी पूर्ण केली, बॅगेत ठेवली आणि बॅगेकडे बघतच म्हणाली, "पता है, आई."

मी म्हटलं, काय पता है?

"पाटावर तुझं स्वस्तिक होतं. अक्षता चिकटल्या होत्या, तलावाची मिट्टी होती. मी आले तेव्हा." पोरगी पुण्याला राहूनही माझ्याशी अर्ध्या हिंदीतच बोलते, त्यावर तुम्ही दोघं मला चिडवायचात. "मामा लोक यायच्या आधी मैंने पोंछ दिया."

म्हणजे तो अर्धा तास. दार लावून ती रडत असेल असं मी समजले होते. पाट इतका स्वच्छ कसा, याचा मी तेरा दिवसांत विचारच केला नाही. साहू भैयांनी तलावात धुऊन आणला असेल, असं कुठेतरी मनात धरून चालले होते. ती तिथे फरशीवर बसून, ओढणी ओली करून, बापाच्या मशीनसमोर माझं कुंकू पुसत होती.

मग बोलली काहून नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाली, "मले वाटलं, तुझ्या ध्यानातच नाही आलं की पाटामुळं झालं. मी बोलले असते तर तुले समजलं असतं."

तेरा दिवस ती मला वाचवत होती आणि मी समजत होते की ती स्वतःला खाते आहे. ती स्वतःलाही खात होतीच. पंप तो मेरा ही था ना, असं म्हणाली तेव्हा पहिल्यांदा रडली. मी तिला जवळ घेतलं. माफ केलं किंवा केली, असं कोणी कोणाला म्हटलं नाही. तिनं उद्याचं तिकीट आठवड्यानं पुढे ढकलायचं ठरवलं आहे. उद्या तो इलेक्ट्रिशियन येईल, तुळस आम्ही दोघी उचलू. वाइसमध्ये चौथी पट्टी अर्धी कापलेली अजून तशीच अडकून आहे. मीनल म्हणते, अर्थिंग झालं की ती पट्टी पुरी करीन. मला नको आहे. त्यावर आमचा वाद व्हायचा आहे अजून.

आता तुमच्याशी राहिलेला वाद. तेवढा मिटवते आणि वही बंद करते.

तुम्ही पाट पाहिला होता. गणपतीखाली तो कसा आला आणि तुमच्याकडून काय गेलं, हे या घरात तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि तुम्ही बोलला नाहीत. चाळीस वर्षं तुम्ही असेच बोलला नाहीत आणि मी त्याला शहाणपणा समजत आले. तुमची पोरगीही तेच शिकली. बोलायचं नाही, हातानं निस्तरायचं. एकदा, एकदाच तोंडानं मागायचं होतं. शोभे, पाट दे, पाय ओले आहेत, एवढंच.

मी तुम्हाला तो दिला असता असं गेले तेरा दिवस मी स्वतःला सांगते आहे. ते खोटं आहे, अहो. बसलेल्या देवाखालून मी पाट काढला नसता. मी म्हटलं असतं, राहू द्या तो चौरंग, महालक्ष्म्यांना स्टुलावर बसवते, विसर्जन होईपर्यंत मशीनला हात लावू नका.

आणि तुम्ही हव म्हणून थांबला असता.